कच्चा कुपा आणि गोदाबायचा सोमवार

मिरकरवाड्याच्या बंदरावर सकाळी सातला गेलात तर गोदाबाय शोधावी लागत नाही. आधी तिचा आवाज येतो. कुणीतरी गिऱ्हाईक सुरमईवर वाकलेलं असतं आणि ही त्याला सांगत असते, "ती घेव नको. कालची हाय. आमटीत टाकणार असशील तर ने, तळायला नको." आजूबाजूच्या बायका कपाळाला हात लावतात. स्वतःच्या मालाची अशी बदनामी करून कुणाचा धंदा होतो का? पण गोदाबायचा होतो, आणि तोही गेली चाळीस वर्षं. तिने "ने" म्हटलं की गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं राहतं, दुसरा प्रश्न विचारत नाही.

बासष्ट वर्षांची काटकुळी बाई. साडी वर खोचलेली, केसांत अबोलीची वेणी, आणि उजव्या हाताचा अंगठा कायम कुठल्यातरी माशाच्या कल्ल्यात. त्या अंगठ्याला जे कळतं ते भल्याभल्यांच्या डोळ्यांना कळत नाही. एकदा एका बड्या साहेबांकडे पाहुणे यायचे होते म्हणून त्यांचा स्वयंपाकी भली मोठी टोपली घेऊन आला. दोन दिवस वारा होता, होड्या गेल्या नव्हत्या, बाजारात सगळा माल बर्फातला. गोदाबायने त्याची टोपली पालथी घातली आणि सांगितलं, "सायबाला म्हणावं, आज वरण खा." स्वयंपाकी रडकुंडीला आला. चार दिवसांनी साहेब स्वतः आले आणि हसत हसत पापलेटं घेऊन गेले.

अशी ही फटकळ बाई एका बाबतीत मात्र लोण्याहून मऊ होती. तिचा एकुलता एक मुलगा संदेश.

संदेश नऊ वर्षांपूर्वी पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर स्वयंपाकी म्हणून लागला. नऊ महिने पाण्यावर, दोन महिने घरी, की पुन्हा बॅग भरली. तेव्हापासून गोदाबायच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक इथलं आणि एक संदेशचं. जहाज नव्या मुलखात गेलं की तो फोनवर सांगायचा, "आये, आता काटे अमक्यावर आण," आणि ही स्टुलावर चढून काटे फिरवायची. मग त्या घड्याळाकडे बघून तिचं दिवसभर चालायचं: आता उठला असेल, आता कांदा चिरत असेल, आता फोन केला तर वसकन अंगावर येणार नाही. सून दीपाली सांगून थकली, की आई, हे सगळं फोनमध्येच दिसतं. पण गोदाबायचा फोनवर भरवसा नव्हता. त्याची बॅटरी संपते म्हणे. घड्याळाचीही संपते, पण दीपाली शहाणी, तिने ते बोलून दाखवलं नाही.

घड्याळासारखीच दुसरी गोष्ट म्हणजे सोमवार. संदेश पहिल्यांदा निघाला तेव्हा गोदाबाय शंकराच्या देवळात जाऊन बोलून आली होती: माझ्या पोराला पाण्यावर सांभाळ, मी सोमवारी मासा तोंडात घालणार नाही. आता तुम्ही म्हणाल त्यात एवढं काय, निम्मी रत्नागिरी सोमवारी मासे खात नाही. खरं आहे. पण निम्मी रत्नागिरी सकाळपासून माशांच्या पाट्यांमध्ये बसलेली नसते. चमचमते बांगडे हाताखालून जाऊ द्यायचे आणि दुपारी घरी येऊन कुळथाची पिठी भुरकायची, हे नऊ वर्षं करून बघा. लग्न असो, बारसं असो, व्याही जेवायला येवोत, गोदाबायचा सोमवार कधी हलला नाही. त्याची भरपाई ती मंगळवारी दुपारी करायची. मंगळवारी तिच्या ताटात दोन तुकड्या जास्त असत.

गेली दोन वर्षं संदेशचं जहाज हवाई बेटांना लागत होतं. तिथून त्याने एकदा फोटो पाठवला. वाडग्यात भात, भातावर लालबुंद माशाचे चौकोनी तुकडे, वर कांदा आणि तीळ. गोदाबायने फोन डोळ्यांजवळ नेला, मग हातभर लांब नेला.

"कसला मासा गो ह्यो?"

"कुपा," दीपाली म्हणाली. "तिकडे ह्याला पोके म्हणतात. कच्चाच खातात."

"कच्चा म्हणजे?"

"म्हणजे कच्चा. चुलीवर चढवतच नाहीत."

गोदाबायने फोटो पुन्हा एकदा न्याहाळला. मग काळजीने म्हणाली, "जहाजावरचा गॅस संपला असेल."

कच्चा हा एक धक्का आणि कुपा हा दुसरा. ह्या माशाला, म्हणजे ट्यूनाला, आपल्याकडे कुणी फार मानाने वागवत नाही. रक्ताळ म्हणून नाकं मुरडतात, सुरमई दिसली की त्याला ओलांडून पुढे जातात. आणि तिकडची माणसं त्याच कुप्यासाठी रांगा लावतात, सणासमारंभाला त्याचं ताट मध्यभागी मांडतात, हे ऐकून गोदाबाय हसून हसून खोकली. संदेशने मात्र पिच्छा सोडला नाही. तिथल्या बंदरातल्या एका म्हाताऱ्या मच्छीवालीने त्याला पोके करायला शिकवलं होतं. "डिट्टो तुझ्यासारखी हाय, आये," तो म्हणाला. "मासा मनासारखा नसला तर गिऱ्हाईक हाकलते. म्हणते, आज पोके नाय, घरी जा." आपल्यासारखी आणखी एक खमकी जगाच्या त्या टोकाला बसली आहे हे कळून गोदाबायला बरं वाटलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

आणि मग संदेश जे बोलला ते थेट तिच्या धंद्यातलं होतं. "आपल्याकडं कालचा मासा वाटपात लपतो, आये. खोबरं हाय, तिरफळ हाय, चिंच हाय. पोकेत मीठ नि तेल. लपायला जागाच नाय." गोदाबायने मान हलवली. चाळीस वर्षं ती दुसरं काय सांगत होती?

तरीही तो सगळा गप्पांचाच मामला राहिला असता. पण संदेशचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं. महिन्याभरात तो घरी येणार होता आणि त्याला परत जायचं नव्हतं. दीपाली घरून डबे द्यायची, तिच्या हाताला चव होती. दोघांनी मिळून किनाऱ्यावर खानावळ टाकायची असं त्यांचं कधीपासून चाललं होतं. भाट्याला सुरूच्या बनाशेजारी राजिवड्याच्या फारुकशेटचा गाळा रिकामा होता. तो मिळाला तर संदेश कायमचा घरी. नाही मिळाला तर बुधवारच्या आत पुढच्या कागदांवर सही करायची आणि पुन्हा नऊ महिने पाणी. गोदाबायने मनात हिशोब मांडला होता, की आपण आता बासष्टच्या, असे आणखी किती नऊ महिने आपल्या वाट्याला असणार? तिला पोरगा घरी हवा होता. दारात चप्पल दिसायला हवी होती त्याची.

फारुकशेट पूर्वी जहाजावर खलाशी होता. आता पांढरी दाढी, अत्तराचा वास आणि बोलणं अगदी सबुरीचं. दीपाली भेटायला गेली तेव्हा तो म्हणाला, "बेटी, थाळी तर किनाऱ्यावर सगळेच देतात. तू वेगळं काय देणार?"

दीपालीच्या तोंडून निघून गेलं, "पोके."

फारुकशेटच्या भुवया वर गेल्या. त्याने जगभरची बंदरं पाहिली होती, पोके हे नाव कानावर होतं, पण कच्च्या माशाला त्याने कधी हात लावला नव्हता. "मलाच आधी खाऊ घाल," तो म्हणाला. "माझ्यासारख्या जुन्या खोडाच्या गळी उतरला तर रत्नागिरीच्या उतरेल. मग गाळा तुझा." तो रविवारी रात्री मुंबईहून येणार होता आणि मंगळवारी पहाटे मुलीकडे, इरमकडे, तीन महिन्यांसाठी मस्कतला जाणार होता. उरला सोमवार. सोमवारी दुपारी एक वाजता गोदाबायच्या पडवीत यायचं ठरलं. सोमवार म्हटल्यावर गोदाबायला काहीच वाटलं नाही. तिचं काम मासा आणायचं, खायचं नव्हतं.

आणि मासा आणण्यात तिने कसूर केली नाही. पूर्णगडचा महिपत गरी टाकून कुपा धरायचा. त्याला तिने चार वेळा फोन केला. वर ओढलास की लगेच मार, तडफडू देव नको, रक्त काढ, तडक बर्फात घाल.

"गोदाबाय, मी जन्मापासून मासे मारतंय," महिपत वैतागला. "आता तू मला शिकव."

"शिकवत्येय," गोदाबाय म्हणाली. "ऐक."

सोमवारी उजाडता उजाडता महिपत दोन कुपे घेऊन आला. एक मोठा, तोऱ्यात पुढे केलेला. गोदाबायने कल्ला उचलला, पाठीवर अंगठा दाबला, हुंगला आणि बाजूला सारला. "ह्यो तडफडलाय. मांस तापलंय त्याचं." महिपतचा चेहरा पडला, कारण तो खरंच तडफडला होता. मग तिने धाकटा घेतला, दोनदा हुंगला आणि काही न बोलता पदराखाली झाकून घरी नेला, नजर लागेल म्हणून.

तुकडे तिनेच केले. पुढचं दीपालीचं. जाडं मीठ, तिळाचं तेल, सोया सॉसचे चार थेंब, कांदा, एक हिरवी मिरची. हवाईला कसलीशी कवची बी भाजून कुटून घालतात, तिच्या जागी दीपालीने आपले काजू भाजून भरडले. गोदाबाय बाजूला बसून बघत होती आणि तिचा जीव कासावीस होत होता. मासा परातीत आणि त्याला हळद नाही! दोनदा तिचा हात आपसूक हळदीच्या डब्याकडे गेला. तिसऱ्यांदा दीपालीने डबाच उचलून फळीवर ठेवला.

बरोबर एकला फारुकशेट आला. खुर्चीत बसला, घाम पुसला. दीपालीने वाडगा समोर ठेवला. खाली गरम भात, वर माणकासारखे चकाकणारे तुकडे. शेटने चमचा उचलला, वाडग्याकडे बघितलं, चमचा खाली ठेवला आणि वाडगा हळूच गोदाबायकडे सरकवला.

"गोदाबाय, आधी तू."

"मी कशाला? मी सांगत्येय ना, मासा पहिल्या नंबराचा हाय."

"शिजवलेला असता तर तुझ्या शब्दावर डोळे मिटून खाल्ला असता," शेट म्हणाला. "पण कच्चा तू तरी कधी खाल्लायस?"

आता इथे दुसरी कुणी असती तर "हो" म्हणून मोकळी झाली असती आणि काम फत्ते झालं असतं. पण गोदाबायला मालाबद्दल खोटं बोलता येत नव्हतं. जीभच वळायची नाही.

"नाय," ती म्हणाली. आणि मग खालच्या आवाजात, "आज सोमवार हाय, शेट. संदेशसाठी धरलाय."

फारुकशेटने लगेच वाडगा मागे घेतला. "तोबा, माझ्या ध्यानातच नाही आलं. नको नको, मोडू नकोस. लेकरासाठी बोललेला वार आहे. मी तीन महिन्यांनी परत आलो की बघू." आणि तो माणूस खरोखर उठून उभा राहिला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून तर पंचाईत.

दीपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन महिन्यांनी संदेश कुठल्यातरी समुद्रावर असणार होता. गोदाबाय खांबाला धरून उभी राहिली. पोरगा पाण्यावर सुखरूप राहावा म्हणून धरलेला वार पोराला पाण्यावरून घरी येऊ देत नव्हता. देवाला काय म्हणावं? चिडावं तरी कुणावर? तिने आत भिंतीकडे पाहिलं. संदेशच्या घड्याळात साडेनऊ वाजले होते. रात्रीचं काम आटपलं असेल.

"थांबा, शेट," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी धरलाय त्यालाच इचारते. दीपाली, लाव गो फोन."

फोनवर संदेशचा चेहरा उगवला, डोक्यावर पांढरी टोपी. "आये! खाल्लान काय शेटनी?"

"नाय. म्हणतात आधी मी खावा. नि आज सोमवार."

"सोमवार? कुठं?"

"कुठं म्हणजे? सगळीकडं!"

"आये, हितं रविवार हाय. रविवारची रात्र. आत्ता तर रविवारचं जेवण आटपून भांडी घासायला दिली."

गोदाबायला वाटलं, पोराला कामाने भ्रम झाला. तिने दीपालीकडे बघितलं. दीपालीने बोटांवर काहीतरी मोजलं आणि तोंडावर हात ठेवला. फारुकशेट मात्र खुर्चीत परत बसला आणि मोठ्याने हसला.

"खरं बोलतोय तो, गोदाबाय. तिकडचा दिवस आपल्या मागून चालतो. अगं, आमचं जहाज एकदा त्या बाजूने येत होतं. गुरुवारी रात्री झोपलो नि उठलो तर शनिवार! मी कप्तानाकडे भांडायला गेलो, म्हटलं माझा जुम्मा कुठे गेला? नमाज कधी पढू?"

"मग?"

"घरी आल्यावर मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, माणूस जिथे असेल तिथला वार धरायचा."

गोदाबाय पाट ओढून खाली बसली. वार धरला पोरासाठी, तर पोरगा जिथे तिथलाच वार खरा, असं भलतंच गणित तिच्या डोक्यात सुरू झालं होतं. "म्हणजे दोन वर्षं," ती पुटपुटली, "मी ह्याच्या रविवारी पिठी खात होते. नि ह्याचा सोमवार?"

"तुमच्या सोमवारी साडेतीनला लागतो," संदेश म्हणाला. "मंगळवारी दुपारपर्यंत चालतो."

मंगळवार दुपार! त्या दोन जास्तीच्या तुकड्या, काटेसुद्धा चोखून खाल्लेल्या, एकामागून एक गोदाबायच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. ऐंशी मंगळवार तरी झाले असतील. ती फोनवर कडाडली, "नि तू सांगितलं नायस, मेल्या?"

"तू वार कधी इचारलास? काटे इचारलेस, काटे सांगितले."

हे मात्र बरोबर होतं. भिंतीवरचं घड्याळ वेळ दाखवत होतं, वार दाखवत नव्हतं. गोदाबायने डोळ्यांना पदर लावला. "पण पोरा, तुला काय झालं नाय ना रे?"

"दोन वर्षांत एक बोट कापलं, आये. तेसुद्धा कांदा चिरताना."

तेव्हा ती हसली. रडता रडता हसली, तशीच उठली आणि मोरीवर जाऊन हातपाय धुऊन आली. देव मंगळवारच्या तुकड्यांकडे दोन वर्षं डोळेझाक करत होता, तर आजचा एक तुकडा त्याला जड होणार नव्हता, आणि तिथे अजून रविवार होता. दीपालीने चमचा पुढे केला तो तिने घेतला नाही. मासा ती बोटांनीच ओळखायची. एक तुकडा उचलला, बारीक डोळे करून बघितला आणि तोंडात टाकला.

पडवीत सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. फोनमधला संदेशही.

गोदाबाय सावकाश चावत होती. आधी मीठ लागलं, मग तिळाचा वास, मग काजूचा कुरकुरीतपणा. आणि मग मासा आला. थंड, मऊ, गोडसर. चाळीस वर्षं तिने मासे हाताळले होते, त्यांच्या वासावर संसार केला होता, पण मसाल्याच्या आत मासा स्वतः कसा असतो हे तिला आज पहिल्यांदा कळलं. तिला फार आनंद झाला. पोरगा इतकी वर्षं दूर काय खातो, काय जेवतो, याची तिला काळजी होती. तो हे खात होता तर.

"मीठ कणभर कमी हाय," तिने दीपालीला सांगितलं. मग वाडगा उचलून फारुकशेटच्या हातात दिला आणि बंदरावर म्हणते तसं म्हणाली, "घ्या."

फारुकशेटने दुसरा प्रश्न विचारला नाही. त्याने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग बोलणं बंद झालं ते वाडग्याचा तळ दिसेपर्यंत. "अजून आहे?" त्याने विचारलं. दीपाली आत पळाली. दुसरा वाडगा संपल्यावर त्याने खिशातून गाळ्याची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. किल्ली तो घेऊनच आला होता, म्हणजे बिचाऱ्याची इच्छा आधीपासूनच होती. पाण्यावर त्यानेही आयुष्य काढलं होतं.

गोदाबायने फोन हातात घेतला. "सही करू नको," ती म्हणाली.

संदेश टोपी काढून नुसता बघत राहिला.

"नि लवकर ये. आता मला दोन सोमवार पाळायला लागतील, एक हितला नि एक तुझा. ह्या वयात दोन दोन झेपायचे नाय मला. तू आलास म्हणजे एकावर भागेल."

मंगळवारी दुपारी गोदाबाय घरी येऊन कुळथाची पिठी जेवली. पुढच्या मंगळवारीही तेच. असे चार मंगळवार गेले. पाचव्या मंगळवारी संदेशने स्वतः बांगडे तळले, तिच्या ताटात दोन तुकड्या जास्त वाढल्या, आणि हात धुऊन स्टुलावर चढून दुसऱ्या घड्याळाचे काटे इथल्या वेळेवर आणले. गोदाबाय जेवण सोडून उठली होती आणि खाली उभी राहून दोन्ही हातांनी स्टूल धरून होती.